मेण लावूनही चारच बीट्स: मग नंबर नसलेल्या फोर्कची वारंवारता किती?

बारावीतल्या एका विद्यार्थ्याने विचारलंय, थोडक्यात असं: "२५६ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क आणि नंबर पुसला गेलेला दुसरा फोर्क एकत्र वाजवले. सेकंदाला ४ बीट्स मिळाले. नंबर नसलेल्याला मेण लावलं, तरी ४ च आले. मेण लागलेलं तर दिसत होतं. प्रयोग फसला का? आणि मोबाइलवर ट्यूनर असताना हा खटाटोप कशासाठी? घरी आजोबांची पेटी आहे, तिचे सूर असे तपासता येतील का?"

तू बारावीत आहेस, म्हणून एकेरीतच लिहितो. ज्युनियर कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं काढली आणि त्याहून थोडी कमी वर्षं संध्याकाळी लोकांच्या पेट्या, म्हणजे हार्मोनियम, जुळवण्यात गेली. त्यामुळे तुझे तिन्ही प्रश्न माझ्या घरचेच आहेत.

आधी उत्तर. मेणाने खरोखर काम केलं असेल तर तुझा फोर्क २६० चा, म्हणजे सेकंदाला २६० कंपनांचा आहे, आणि प्रयोग फसलेला नाही. उलट तुला पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा चांगलं उदाहरण मिळालंय. पण त्या "मेणाने काम केलं असेल तर" वर मला थोडी शंका आहे, तिच्याकडे येतोच.

बीट्स म्हणजे काय, ते दिंडीत चालताना छान कळतं. दोन टाळकरी शेजारी शेजारी चाललेत. एकाचे मिनिटाला ६० ठोके, दुसऱ्याचे ६२. सुरुवातीला दोघांचा ठोका एकावर एक पडतो आणि टाळ दणक्यात ऐकू येतो. हळूहळू दुसरा पुढे सरकतो, अर्ध्या मिनिटात पूर्ण एक ठोका पुढे जातो, आणि पुन्हा दोघे एकावर एक. मिनिटात हे जुळणं दोनदा होतं, कारण ६२ वजा ६० म्हणजे २. ध्वनीत ठोक्यांच्या जागी हवेच्या दाबाची शिखरं आणि दऱ्या असतात. शिखरावर शिखर आलं की आवाज वाढतो, शिखरावर दरी आली की दबतो. हे वाढणं-दबणं सेकंदाला जितक्या वेळा होतं, तितका दोन्ही वारंवारतांमधला फरक.

आता दिंडीच्या बाहेर उभा राहून डोळे मिटून ऐक. मिनिटाला दोनदा टाळ जुळतात, एवढं तुला कळलं. पण दोघांपैकी घाई कोण करतोय? ते त्या आवाजात नाहीच. बीट्स फक्त फरक सांगतात, फरकाची दिशा सांगत नाहीत. सगळी गोम इथे आहे, आणि मेण, कानस, दुसरा फोर्क, मोबाइल ही सगळी साधनं ती हरवलेली दिशा शोधण्यासाठी आहेत.

म्हणून २५६ बरोबर ४ बीट्स म्हणजे २५२ किंवा २६०. मेण लावलं की फोर्कच्या पात्यांचं वजन वाढतं, कंपनं मंदावतात, वारंवारता उतरते. ती उतरणारच, चढणार नाही. दिशा पक्की माहीत असलेला हा बदल आहे, म्हणून तो उपयोगाचा. फोर्क २५२ चा असेल तर मेण लावल्यावर तो २५६ पासून आणखी लांब जाईल: ५ बीट्स, ६ बीट्स, वाढतच जातील. तिथून पुन्हा ४ वर यायला वाटच नाही. २६० चा असेल तर तो आधी २५६ च्या जवळ येईल. २५८ ला २ बीट्स, २५६ ला शून्य. आणखी मेण घातलंस की तो पलीकडे उतरेल: २५४ ला २, २५२ ला ४. तुझे दुसरे ४ हे असे पलीकडच्या काठावरचे ४ आहेत.

याच कारणाने "मेण लावल्यावर बीट्स वाढले म्हणजे अनोळखी फोर्क खालचा" हे पाठ केलेलं वाक्य धोक्याचं आहे. जास्त मेण लावून २६० चा फोर्क २५० वर आणलास तर बीट्स ४ चे ६ होतील, आणि तू आत्मविश्वासाने २५२ लिहून मोकळा होशील. जर्नल तपासताना ही चूक मी इतक्या वेळा पाहिली की शेवटी प्रयोगाच्या टेबलावर मेणाची कांडी ठेवणंच बंद केलं. मोहरीएवढ्या गोळ्या आधीच करून ठेवायचो आणि सांगायचो, एकेक लाव, दर वेळी मोज. ४, ३, २ असं घटत गेलं की संशयाला जागा उरत नाही.

आता शंका. २६० वरून २५२ वर यायला फोर्कला चांगलंच वजन चढवावं लागतं. हलका ॲल्युमिनियमचा फोर्क आणि टोकाला मेणाचा बरा मोठा गोळा असेल तर जमेल. जड पोलादी फोर्क असेल आणि तू मेण पुसटसं थापलं असशील, तर ८ हर्ट्झ उतरणं कठीण आहे. दुसरं म्हणजे मेण कुठे लावलंस? पात्याच्या टोकाला हालचाल सगळ्यात जास्त, दांड्याजवळच्या वळणावर जवळजवळ नाही. वळणापाशी लावलेलं मेण दिसतं भरपूर, करत काहीच नाही. तसं झालं असेल तर तुझे दोन्ही ४ हे एकच ४ आहेत आणि उत्तर २५२ ही असू शकतं.

हे सोडवायला नवीन काही आणायला नको. लावलेल्या मेणातलं अर्धं खरवडून काढ आणि पुन्हा मोज. बीट्स एकदम मंद झाले, किंवा नाहीसेच झाले, तर २६० पक्कं. काहीच फरक पडला नाही तर मेण चुकीच्या जागी होतं. टोकाला लावून सुरुवातीपासून कर. आणि मेण दोन्ही पात्यांना सारखं लाव. एकाच पात्याला लावलं की फोर्कचा तोल जातो, दांडा थरथरायला लागतो, हातातून ऊर्जा निघून जाते आणि मोजायच्या आत आवाज विरतो.

मेणाच्या उलट कानस. पात्याचं टोक घासलं की वजन घटतं आणि वारंवारता चढते. पुस्तकात एवढंच असतं. पण तीच कानस वळणाजवळ चालवलीस तर पातं तिथे पातळ होतं, त्याचा ताठपणा घटतो आणि वारंवारता उतरते. "घासलं की चढते" हे घासलं कुठे यावर आहे. अर्थात कॉलेजच्या फोर्कवर कानस चालवू नकोस; मेण निघतं, घासलेलं पोलाद परत येत नाही.

मोजण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण चुका गणितात कमी आणि मोजण्यात जास्त होतात.

मुलं काय करतात, तर घड्याळाचा एक सेकंद धरून त्यात किती बीट्स बसले ते सांगतात. एका सेकंदात ३ की ४, हे ब्रह्मदेवालाही नक्की सांगता येणार नाही. उलटं करायचं: बीट्सची संख्या ठरवायची आणि वेळ मोजायची. स्टॉपवॉच हातात घे, आवाज मोठा झाला त्या क्षणी "शून्य" म्हणून दाब, मग एक, दोन, तीन असं वीसपर्यंत, आणि विसाव्याला थांबव. पहिल्यालाच "एक" म्हणालास तर वीस मोजूनही एकोणीसच झाले. वीस बीट्सना ५ सेकंद लागले तर सेकंदाला ४. बोटाची चूक ०.२ सेकंदाची धरली, तरी उत्तर ३.८ ते ४.२ च्या आतच राहतं. एका सेकंदात मोजून हे कधीच मिळत नाही.

सेकंदाला ५-६ बीट्सपर्यंत माणूस आरामात मोजतो. ८ च्या पुढे जीभ अडखळते. १५-२० ला बीट्स वेगळे ऐकू येत नाहीत, नुसता खरखरीत, ओरखडल्यासारखा आवाज येतो. म्हणून तुलनेचा फोर्क अनोळखी फोर्कच्या फार लांबचा घेऊ नये.

दोन्ही आवाज साधारण सारखे मोठे हवेत. एक जोरात आणि एक हळू असला तर दबण्याच्या क्षणीही आवाज पुरता दबत नाही आणि बीट पुसट होतो. दोन्ही फोर्क रबराच्या पॅडवर सारख्या जोराने मार. नाद-पेट्या, म्हणजे फोर्क बसवायचे पोकळ लाकडी खोके, असतील तर त्यांची तोंडं समोरासमोर ठेव, नसतील तर दोन्ही दांडे एकाच लाकडी टेबलावर टेकव. टेबल दोघांनाही मोठं करतं.

आणखी एक फसवणूक. एकच फोर्क कानाजवळ धरून दांड्याभोवती फिरव. आवाज एका फेऱ्यात चार वेळा मोठा आणि चार वेळा लहान होतो. फोर्कची दोन्ही पाती आणि त्यांच्या मधली हवा मिळून काही दिशांना एकमेकांचा आवाज मारतात, त्याचा हा परिणाम. मोजताना मुलं नकळत मनगट वळवतात आणि हे चढउतार बीट्समध्ये धरतात. एकदा एका मुलीला दर वेळी ७ येत होते, बाकी सगळ्यांना ४. तिचा हात पाहिला तर बांगड्या किणकिणत होत्या: मनगट फिरत होतं. फोर्क टेबलावर टेकवला आणि ४ झाले.

परीक्षेत हमखास विचारतात म्हणून जाता जाता. दोन लहरींची बेरीज केली की गणितात आवाजाच्या पातळीचा भाग फरकाच्या निम्म्या वारंवारतेचा दिसतो, आणि मुलं म्हणतात मग बीट्स निम्मे का नाहीत? कारण त्या भागाचं मूल्य धन असो वा ऋण, कानाला आवाज मोठाच. एका फेऱ्यात मोठा आवाज दोनदा येतो. निम्म्याचं दुप्पट, म्हणजे पुन्हा पूर्ण फरक.

आता मेणापेक्षा मला आवडणारी पद्धत सांगतो. यात मोबाइल लागतो, पण ट्यूनर म्हणून नाही.

प्रयोगशाळेच्या खणात मला एकदा असाच नंबर गंजलेला पोलादी फोर्क सापडला. पेटीवर लावून पाहिला तर आवाज वरच्या सप्तकातल्या पांढरी १ च्या, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या, जरासा खाली. पेटीची ती पट्टी ५२३ च्या आसपास असते, त्यामुळे फोर्क ५१० च्या घरातला असावा असा अंदाज बांधला. मोबाइलवर ठरावीक वारंवारतेचा सूर काढणारं फुकट ॲप घेतलं, ५०८ लावलं, फोर्क मारून दांडा टेबलावर टेकवला. वीस बीट्सना ५.६ सेकंद. म्हणजे सेकंदाला ३.५७. मग मोबाइलवर ५१५ लावलं. वीस बीट्सना ५.८ सेकंद, म्हणजे ३.४५.

आता बघ काय मिळतं. ५०८ च्या वाचनावरून फोर्क ५११.५७ किंवा ५०४.४३. ५१५ च्या वाचनावरून ५११.५५ किंवा ५१८.४५. दोन्हीत बसणारं एकच: ५११.५ च्या जरा वर. मेण नाही, संशय नाही. शिवाय फुकटात पडताळा मिळतो. ५०८ आणि ५१५ मध्ये अंतर ७ चं, आणि फोर्क त्यांच्या मधला असेल तर दोन्ही बीट्सची बेरीज ७ यायलाच हवी. माझी ७.०२ आली. ६.५ आली असती तर मोजण्यात कुठेतरी गडबड आहे हे तिथेच कळलं असतं. हा पडताळा मेणाच्या पद्धतीत नाही, म्हणून मला ही पद्धत जास्त भरवशाची वाटते. मोबाइल नसेल तर दोन ओळखीचे फोर्क घे, काम तेच.

तो फोर्क ५१२ चाच असणार. मग अर्धा हर्ट्झ कुठे गेला? पोलाद तापलं की त्याचा ताठपणा किंचित घटतो. फोर्कची वारंवारता दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०११ टक्के उतरते. २० अंशाला ५१२ देणारा फोर्क २८ अंशाच्या खोलीत ५११.५५ च्या आसपास देतो. त्या दिवशी खोलीत तेवढंच तापमान होतं. गंजाचाही थोडा वाटा असेल, पण मला तापमानावरच जास्त भरवसा वाटला. बासरीचं याच्या उलट. गरम हवेत ध्वनी जोरात धावतो, म्हणून हवा तापली की बासरी चढते. थंडीच्या सकाळी बासरीवाला पेटीच्या खाली राहतो आणि सगळे त्याला बोलतात, बिचाऱ्याची चूक नसते.

"ट्यूनर असताना हे कशाला" याचं उत्तर आता देता येतं. ट्यूनर वाईट नाही, मीही वापरतो. पण साधा ट्यूनर एका सेंटच्या आसपास दाखवतो; सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. पांढरी १ ला, म्हणजे २६१.६३ ला, एक सेंट म्हणजे ०.१५ हर्ट्झ. ०.१५ हर्ट्झचा फरक असलेले दोन सूर एकत्र वाजवले तर साडेसहा सेकंदांत एक बीट येतो. भाता नीट धरला तर साडेसहा सेकंद सूर सहज टिकतो, आणि तो एक संथ श्वास नवख्या कानालाही ऐकू येतो. जिथे ट्यूनरची सुई थरथरत थांबते, तिथून पुढे बीट्सचं राज्य सुरू होतं. शिवाय ट्यूनर एका सुराची वारंवारता सांगतो, आणि पेटीत मला दोन सुरांचं एकमेकांशी कसं जमतंय ते हवं असतं.

तुझ्या प्रश्नात नव्हतं, पण विचारायला हवं होतंस असं एक. २५६ तरी कुणी ठरवलं? ओळखीचा फोर्कच नसेल तर? बीट्स नुसता फरक देतात. त्यातून खरी वारंवारता काढायची तर फरकाच्या जोडीला गुणोत्तर लागतं. आणि गुणोत्तर कानाला कळतं! सप्तक म्हणजे दुप्पट, षड्ज-पंचम म्हणजे ३:२.

हे १७०० च्या सुमारास पॅरिसमध्ये जोसेफ सोव्हरने ओळखलं. त्याला ना गळा होता ना कान, असं त्याच्याबद्दल सांगतात. ऐकायला तो वादकांना बसवायचा. त्याने ऑर्गनच्या दोन खर्जातल्या नळ्या २४:२५ या गुणोत्तरात जुळवल्या आणि त्यांचे बीट्स मोजले: सेकंदाला ४. म्हणजे २५ भाग वजा २४ भाग, एक भाग ४ चा. नळ्या ९६ आणि १०० च्या. ओळखीचा एकही सूर हाताशी नसताना!

पुढे जर्मनीतल्या क्रेफेल्डचा रेशमाचा कारखानदार योहान हाइनरिख शाइब्लर याने हेच फोर्कवर केलं. त्याने ५६ फोर्कची रांग लावली, प्रत्येक फोर्क आधीच्यापेक्षा ४ बीट्सने वर, आणि शेवटचा पहिल्याच्या बरोबर दुप्पट, म्हणजे एक सप्तक वर. ५६ फोर्कमध्ये जागा ५५. पंचावन्न चोक दोनशे वीस. शेवटचा वजा पहिला २२०, आणि शेवटचा पहिल्याच्या दुप्पट, म्हणजे पहिला २२० आणि शेवटचा ४४०. १८३४ साली श्टुटगार्टच्या शास्त्रज्ञांच्या सभेत त्याने ४४० हा प्रमाण सूर धरावा असं सुचवलं. आज तुझ्या मोबाइलच्या ट्यूनरमध्ये जो ४४० आधीच भरलेला असतो, तो असा रेशीम विकणाऱ्या माणसाच्या हौसेतून वर आलेला आकडा आहे. बारावीच्या गणितात "इतके फोर्क ओळीने ठेवले, प्रत्येकी इतके बीट्स, शेवटचा पहिल्याच्या दुप्पट" असं येतं ना, ते कुणी बसल्या बसल्या रचलेलं नाही. फक्त जागा फोर्कपेक्षा एकने कमी असतात, हे विसरू नकोस. निम्मे मार्क तिथेच जातात.

हे तुला सोनोमीटरवर, म्हणजे लाकडी खोक्यावर ताणलेल्या तारेच्या उपकरणावर, स्वतः करता येईल. ताण तोच ठेवला तर तारेची वारंवारता लांबीच्या व्यस्त प्रमाणात. समज, तार ५० सेंटिमीटर ठेवली तर तुझ्या फोर्कशी ४ बीट्स येतात आणि ५१ ठेवली तरी ४ च येतात. आखूड तार वरची, लांब तार खालची, फोर्क मधोमध. फोर्क न धरला तर ५० × (न + ४) = ५१ × (न − ४). सोडवलंस की न = ४०४. आणि हो, इथेही दोन्हीकडे चारच बीट्स आहेत! तुझ्या मेणाच्या प्रयोगाची ही सख्खी बहीण.

आता आजोबांची पेटी. चालेल, आणि फोर्कपेक्षा मजा येईल. पण वरून ऐकण्यापुरतं कर. सूर खरवडायला लगेच घेऊ नकोस.

पेटीत प्रत्येक पट्टीखाली पितळेची पातळ जीभ असलेले सूर असतात. बहुतेक घरगुती पेट्यांत दोन ओळी, खर्ज आणि नर, एक सप्तकाच्या अंतराने. त्यांचा आवाज फोर्कसारखा शुद्ध नसतो. मूळ वारंवारतेबरोबर तिची दुप्पट, तिप्पट, चौपट अशी सगळी पिलावळ असते. याचा फायदा असा की सूर आणि फोर्क सारख्या उंचीचे नसले तरी बीट्स मिळतात. १३० च्या आसपासचा खर्जाचा सूर २६२ च्या सुराबरोबर वाजवलास तर खर्जाची दुप्पट २६२ शी बीट्स देईल. २ बीट्स आले तर दुप्पट २६० किंवा २६४, म्हणजे खर्ज १३० किंवा १३२. शेवटी दोनाने भागायला विसरू नकोस.

पेटीचं मेण काय? सुराला मेण लावायची गरज नाही. ज्या पट्टीबद्दल शंका आहे ती अर्धीच दाब. झडप पुरती उघडत नाही, हवा कोंडते आणि सूर किंचित उतरतो. दुसरी ओळखीची पट्टी पूर्ण दाबलेली राहू दे. अर्धी दाबल्यावर बीट्स मंदावले तर शंकेचा सूर चढलेला आहे. जलद झाले तर उतरलेला. तुझ्या फोर्कवर मेण जे करतं तेच इथे बोट करतं, आणि बोट उचललं की सगळं पहिल्यासारखं.

ही युक्ती मला उशिरा कळली, आणि त्याची किंमत एका सुराने मोजली. सुरुवातीच्या दिवसांत एका ओळखीच्यांची जुनी जर्मन सुरांची पेटी घरी आणली होती. काळी ४ चा सूर सेकंदाला २ बीट्स देत होता. आवाज मलूल वाटला म्हणून उतरलाय असं गृहीत धरलं आणि जिभेचं टोक खरवडलं, चढावा म्हणून. बीट्स ३ झाले. मी म्हटलं, अजून थोडं. ४ झाले, ५ झाले, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की सूर आधीच चढलेला होता आणि मी त्याला आणखी चढवत होतो. मग मुळाशी खरवडून उतरवत उतरवत आणला, पण दोन्हीकडून घासलेली ती जीभ पुढे पहिल्यासारखी बोललीच नाही. शेवटी भावनगरजवळच्या पालिताण्याचा सूर मागवून बसवला. मालकांनी काही म्हटलं नाही. मला मात्र ती काळी ४ अजून ऐकू येते.

भाता एकसारखा ठेव. दाब वाढला की पेटीचा सूर थोडा उतरतो, आणि दोन सूर सारखेच उतरतील असं नाही. भात्याला हिसका बसला की बीट्स डळमळतात. कुणाला तरी शेजारी बसवून भाता त्याच्याकडे दे, म्हणजे तुझं लक्ष मोजण्यात राहील.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर आजोबांची पेटी बिघडलीय असं समजशील. सा आणि प एकत्र दाबलेस तर चांगल्या जुळवलेल्या पेटीतही मंद बीट्स येतात, आणि ते यायलाच हवेत. पेटीच्या बारा पट्ट्या समान अंतरावर बसवलेल्या असतात, त्यामुळे पंचम शुद्ध ३:२ पेक्षा केसभर खाली असतो. पांढरी १ चा सा २६१.६३, त्याची तिप्पट ७८४.८९; प ३९२.००, त्याची दुप्पट ७८४.००. फरक सुमारे ०.८९, म्हणजे दहा सेकंदांत नऊएक बीट्स. पेटी जुळवताना मी नेमके हेच मोजतो. बीट्स अजिबात नसतील तर तो पंचम पेटीच्या हिशेबाने चुकलेला आहे.

गंधाराचं दुखणं जास्त मोठं. काळी १ मध्ये तंबोरा लावला तर षड्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार, म्हणजे आपोआप उमटणारा ग, ऐकू येतो, तो सा च्या पाचपटीचा: १३८.५९ चा सा धरला तर ६९२.९५. पेटीवरच्या गंधाराची चौपट ६९८.४६ होते. सेकंदाला साडेपाच बीट्स! गायक पेटीवाल्याकडे वळून पाहतात ते उगाच नाही. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा, जोडी, मात्र पूर्ण एकरूप करता येतात. खुंटीने जवळ आणायच्या, मग तारेत ओवलेला मणी केसभर सरकवत त्यांच्यातली लाट लांब लांब करत न्यायची. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात बसून पाहिलंस तर कळेल, ते आकडे मोजत नाहीत. लाट किती लांबली एवढंच ऐकतात. मोजणारे आपण.

तर तुझ्या प्रयोगाचं असं कर. फोर्क पुसून कोरडा कर, मेणाशिवाय वीस बीट्सची वेळ तीनदा घे. दोन्ही पात्यांच्या टोकाला मोहरीएवढं मेण, पुन्हा तीनदा. आणखी मोहरीएवढं, पुन्हा तीनदा. बीट्स इतके मंदावले की वीस मोजायच्या आत फोर्क विरायला लागला, तर दहाच मोज. हे सगळं जर्नलमध्ये उतरव, आणि पहिल्या दिवसाचे ते मेणासकटचे ४ खोडू नकोस. त्यांच्यापुढे "मेण जास्त, फोर्क २५२ वर गेला असावा, अर्धं काढून तपासलं" असं लिही. परीक्षकाने त्यावर प्रश्न विचारला तर दिंडीतले टाळकरी सांग.